मामांची जाळीची खूण

अरे ऐका, एक ओळ लिहून मी अख्खा कारखाना बंद पाडलाय! ऐंशीच्या दशकाचा शेवट. खोपोलीच्या आमच्या कागद कारखान्यात नवाकोरा कंप्युटर आला होता. स्टोअर सांभाळणारे कुंभिवलीचे पाटीलमामा सुट्या भागांच्या यादीत प्रत्येक ओळीच्या शेवटी # अशी जाळीची खूण करून पुढे स्वतःचे शेरे टाइप करायचे. साहेब मला म्हणाले, "मुंबईच्या हेड ऑफिसचे लोक तपासणीला येतायत, ही बडबड काढून टाक."

मी पॅटर्न लिहिला: # दिसला की तिथपासून ओळ संपेपर्यंत सगळं उडव. एंटर मारलं आणि हजारभर शेरे पापणी लवायच्या आत गायब! मी खुर्चीतच नाचलो! त्या भरात जुनी यादीही पुसून टाकली.

सकाळी पंप बंद पडला. फिटरने यादीतल्या नंबराचा व्हॉल्व्ह नेला, तो बसेचना. अख्खा कारखाना ठप्प! मामा धावत आले.

"आरं, यादीतला नंबर चुकीचा हाय! बरोबर नंबर मी पुढं लिवला व्हता!"

"मग चुकीचा खोडला का नाही?"

"यादी कंपनीची. तिच्यात हात घालायचा आमाला हक्क नाय."

मामांनी तीन दिवस बसून सगळे शेरे आठवणीतून पुन्हा टाइप केले. यादीच्या डोक्यावर नवी ओळ घातली: # हे पुसू नये.

"मामा, माझा प्रोग्रॅम आधी हीच ओळ उडवेल!"

मामा तडक स्टोअरकडे निघून गेले. मी जेवून परत येतो, तर कंप्युटरच्या खोलीच्या दारावर लाल ऑइलपेंटने, वीतभर अक्षरांत: # हे पुसू नये.

बाजूला ब्रश घेऊन मामा. "आता उडवून दाखव रं!"