बहिऱ्यांचं कपाट

माफ करा मंडळी, उठायला उशीर झाला. माझं नाव दोनदा पुकारलं म्हणे. मला ऐकू आलं नाही. शेजारच्यानं कोपर मारलं तेव्हा कळलं.

मी गंगाराम. कारखान्यात बबनरावांच्या शेजारच्या प्रेसवर, पत्रा ठोकायच्या मशीनवर, चौदा वर्षं उभा आहे. शिक्षण सहावी. चुकलं तर सांभाळून घ्या. नाही घेतलं तरी चालेल, आज मला राग आलाय.

विहारातलं हे कपाट बघा. बबनरावांनी स्वतः फळ्या ठोकून केलं. आत परातीएवढा स्पीकर. दुकानदार त्याला वूफर म्हणतो. बारीक आवाज आम्हा प्रेसवाल्यांना केव्हाच ऐकू येईनासे झाले. कर्ण्यातलं गाणं कळेना. ढोलकीचा घुमारा तेवढा अंगाला कळतो. "गंगाराम, पाठीनं ऐक," बबनराव म्हणायचे. मग आम्ही कपाटाला पाठ टेकून भीमगीतं ऐकायचो. आणि तुम्ही काय म्हणायचात? "चला राव, बहिऱ्यांचं कपाट सुरू झालं!" आज त्याच कपाटावर त्यांचा फोटो ठेवून हार घालताय?

कारखान्याच्या साहेबांनीही हार पाठवलाय. आम्ही कानात घालायला बोळे मागितले होते.

कंपनीचे डॉक्टर कागदातून डोकं वर न काढता विचारायचे, "ऐकू येतं ना?" बबनराव मान हलवायचे. प्रेसच्या धडधडीत कोण काय बोललं कळत नाही, म्हणून आम्ही कशालाही मान हलवतो. सवयच ती. आणि भीतीही. नाही म्हटलं तर काम जाईल. डॉक्टरांनी लिहिलं, फिट.

सोमवारी पहिली शिफ्ट सुटली. मोठ्या रस्त्याच्या कडेला आम्ही दोघं. सायकल धरून बबनरावांनी मला काहीतरी विचारलं. मी मान हलवली. ते निघाले. ट्रकचा हॉर्न गेटवरच्या वॉचमनला ऐकू आला. आम्हाला नाही.

काय विचारलं होतं त्यांनी? शांतावहिनी, तुमच्या मालकांनी काय विचारलं, मला माहीत नाही. रस्ता मोकळा आहे का, असंच असणार. हे मी तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतोय.

प्रेसवरच्या गड्यांनो, आता मान हलवू नका. ज्याला ऐकू येत नाही त्यानं मला कळवा. सगळे मिळून डॉक्टरांपुढे उभे राहू, तोंडानं 'नाही' म्हणू. एकट्याचा माझा धीर होत नाही. लवकर कळवा रे.

दोन मिनिटांची शांतता मागत नाही. ती आमच्याकडे भरपूर आहे. कपाट सुरू करा. उठा, सगळ्यांनी त्याला हात टेकवा.

जय भीम, बबनराव.