जिब्रानची दुसरी पिशवी

वर्षाली : दाराले हात नका लावू म्हणलं ना, चाचा. ही टोपी घाला, बूट बाहेर ठेवा आन् तठी बसा. मॅडम जेवायले गेल्या म्हणून येऊ देलं. लॅबमध्ये आमी पेशंटच्या माणसाले घेत नाही.

गयासुद्दीन : बसतो, बेटी. तेच का ते? नळीतलं?

वर्षाली : हो. जिब्रानच्याच मूळपेशी.

गयासुद्दीन : म्हणजे पिशवी फोडली तुमी?

वर्षाली : पिशवी टाकीतच आहे, गोठलेली. तिच्यासंग ही चिमुकली नळी गोठवून ठेवली होती, तपासाले. पिशवी एकदा वितळली का वापस गोठवता येत नाही. म्हणून आधी नळी पाहतो. हिच्यातल्या जिवंत निघाल्या तर पिशवीतल्याही असतीन.

गयासुद्दीन : आन् नाही निघाल्या तर?

वर्षाली : तर डॉक्टर तुमच्या तुबाले पिशवी चढवणार नाहीत.

गयासुद्दीन : तीन वर्षांमांगं तिच्या भावानं, जिब्राननं देल्या, तवा अर्ध्या चढवल्या न् पोरगी उठून बसली. आता त्या थकल्या म्हणते. तिचं रक्त घटूनच राहिलं. माह्या पेशी जुळत नाही, तिच्या अम्मीच्या जुळत नाही. देणारा मातीत गेला. मी दुसरा कुठून आणू? बरफात ठेवलेली चीज खराब कायनं होईन?

वर्षाली : खोटं नाही बोलत, चाचा. मांगच्या मे महिन्यात एका रविवारी टाकीतला नायट्रोजन खाली गेलता. किती वेळ, ते कोणालेच सांगता येत नाही. म्हणून तर मोजून राहिली.

गयासुद्दीन : हे निळं काय टाकलं?

वर्षाली : रंग. जिवंत पेशी रंगाले आत येऊ देत नाही. मेलेली धरते. निळी दिसली का मेली समजाचं.

गयासुद्दीन : मी जुन्या शहरातला रंगारी, बेटी. दुपट्टे रंगवता रंगवता चाळीस वर्षं झाले. रंग नाही धरला तर गिऱ्हाईक कपडा तोंडावर फेकते. आज पहिल्यांदा म्हणून राहिलो, धरू नको बाप्पा.

वर्षाली : मग तुमाले शिकवाची गरज नाही. हा टीव्ही पाहा. मायक्रोस्कोपमधलंच दिसते त्याच्यात.

गयासुद्दीन : चमकून राहिले ते गोल गोल?

वर्षाली : जिवंत.

गयासुद्दीन : हा निळा. हा एक. इकडं तीन एकाजागी. लय हायेत, बेटी.

वर्षाली : तुमी नका मोजू. मले मोजू द्या. आन् बोलू नका जरासं.

(वर्षालीच्या हातातला काउंटर टिकटिकत राहतो. गयासुद्दीन टीव्हीकडे पाठ करून बसतो.)

वर्षाली : आता दुसरा थेंब घेते.

गयासुद्दीन : काहून? खराब निघालं?

वर्षाली : दोनदा मोजाचा नियम आहे. (काउंटर पुन्हा टिकटिकतो, मग थांबतो.) पहिल्यांदा शंभरात एकोणऐंशी आले. आता ब्याऐंशी.

गयासुद्दीन : निळे?

वर्षाली : जिवंत, चाचा. निळे अठरा.

गयासुद्दीन : चालते मग?

वर्षाली : डॉक्टरले सत्तरच्या वर पाहिजे होते. मशीनवरची तपासणी अजून व्हायची आहे, पण ती ठीक आली तर परवा पिशवी काढतीन. तुबाच्या अंगात या पेशी रुजतीन का, ते मी नाही सांगू शकत. जिवंत आहेत, एवढं सांगते.

गयासुद्दीन : जिवंत हायेत.

वर्षाली : पाणी प्या.

गयासुद्दीन : त्याले माती देऊन चौदा महिने झाले. आन् तू म्हणते जिवंत हाय.

वर्षाली : पेशी, चाचा.

गयासुद्दीन : हो, पेशीच. मले समजते. तिच्या अम्मीले, परवीनले नाही समजत. पोरीचा रक्तगट बदलून भावाचा झाला ना, तवापासून तिची नाडी धरून बसते. म्हणते, पाहा, जिब्रान चालून राहिला. तुबा हात सोडवते. अम्मी, मी तुबा हाओ, म्हणते. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. मले भेव लागते, कारण मलेही तसंच वाटते.

वर्षाली : तिच्यासमोर नका म्हणू असं.

गयासुद्दीन : नाही म्हणत. एक सांग. नळीत उरलं त्याचं काय करता?

वर्षाली : पिवळ्या थैलीत जाते. मंग गाडी नेते, जाळतात.

गयासुद्दीन : जाळू नको. मले दे. त्याच्या कबरीपाशी पुरतो. आमच्यात बोट कापलं तरी मातीतच देतात.

वर्षाली : असं देता नाही येत, चाचा. मॅडमले विचारून पाहीन. पण आत्ता तर नाहीच. जिवंत आहेत ना त्या अजून. जित्याले कसं पुरता?

गयासुद्दीन : किती वेळ राहतीन?

वर्षाली : वितळल्यावर जास्त नाही टिकत. हळूहळू एकेक जाते. फार तर संध्याकाळ.

गयासुद्दीन : तो गेला तवा मी नव्हतो. बडनेऱ्याच्या रोडवर ट्रकनं उडवलं. मालाले मीच पाठोलतं त्याले, तो उद्या जातो म्हणत होता. मी पोचलो तवा तोंडावर कपडा टाकलता. लोकं म्हणे, अर्धा घंटा बोलत होता. अब्बा आले का, विचारत होता.

वर्षाली : चाचा, वर वॉर्डात तुबा वाट पाहत असीन. चला, तिले सांगा.

गयासुद्दीन : तू जाऊन सांग, बेटी. तिच्यापाशी तिची अम्मी हाये. मी बसतो अठी, संध्याकाळपर्यंत.