पुन्हा फोन करू नका

...आणि वर मला विचारते, "सर, आजचा दिवस कसा चाललाय आपला?" दिवस! अगं बाई, सकाळपासून तुमच्या लोकांचा हा सातवा फोन, माझा दिवस तुमच्याच नादी चाललाय की! आणि हे 'सर' काय? तुम्हाला सांगतो, जन्मात मला कुणी सर म्हटलं नाही. चौथीत शाळा सोडली, तेव्हापासून किल्ल्या करतोय. जिन्याखाली एवढीशी टपरी, अंग वळवायचं तर आधी स्टूल बाहेर काढावं लागतं. मला 'सर' म्हणतो तो काहीतरी विकायला आलाय, एवढं मी ओळखतो.

एका हातात किल्ली, दुसऱ्यात कानस, नजर किल्लीच्या दातांवर. कानस केसभर जास्त फिरली की किल्ली गेली भंगारात. आणि नेमका तेव्हाच खिशात वाजतो! त्या एका दिवसात तीन किल्ल्या गेल्या. एक प्लॉटवाल्याने खाल्ली, एक विमेवाल्याने, आणि एक त्या पोरीने, जी माझे केस फुकटात तपासून देणार होती. केस! माझ्या डोक्यावर आहेत तेवढे फोनवरच मोजून झाले असते!

तुम्ही म्हणाल, मग उचलता कशाला? उचलतो. न उचलून करतो काय?

कारण ऐका. आमच्या हिचा उजवा डोळा कधीच गेला, आणि डाव्याची पुढची काच गढूळ झाली. मोतीबिंदू नव्हे हो, ती काचच बदलायची, आणि ती कुणी गेलेल्या माणसाने देऊन ठेवली असेल तरच मिळते. यादीत नाव घालून सात महिने झाले. भाजीत मीठ दोनदा पडतं, मी मुकाट्याने खातो. दाढी केली की नाही ते हाताने चाचपून बघते, म्हणते, "तुमचं तोंड दिसत नाही याचं फार दुःख नाही हो, पण सुई ओवता येत नाही." दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं होतं, "आजोबा, डोळा आला की फोन येईल. कधी येईल, कुठल्या नंबरवरून येईल, सांगता येत नाही. उचलायचा, हो म्हणायचं, आणि तीन तासांत आजींना घेऊन हजर व्हायचं. नाहीतर पुढच्याला देतो."

आता बोला! कुठला नंबर ते माहीत नाही म्हणजे सगळेच नंबर! उचलतो. न उचलून करतो काय?

लेकीने नाव नोंदवलं. असं एक खातं आहे म्हणे, तिथे नोंदवलं की नको असलेले फोन सात दिवसांत बंद. मी दिवस मोजले. आठव्या दिवशी पहिला फोन कुणाचा? "सर, नको असलेले फोन बंद करण्याच्या सेवेवर आपण समाधानी आहात का? एक ते दहा आकड्यांत सांगा." आता ह्याला काय सांगायचं! मग तक्रार करायची. नंबर लिहा, तारीख लिहा, वेळ लिहा, समोरचा काय बोलला ते लिहा, सगळं तीन दिवसांच्या आत. मला एक तक्रार लिहायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात आणखी दोन तक्रारी वाजतात! आणि उत्तर काय आलं? 'सदर फोन जाहिरातीचा नसून माहितीचा होता. तक्रार बंद.' तक्रार बंद झाली बरं का, फोन नाही!

शेवटी लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही भांडत बसता, मग ते बोलतच राहतात. एकच वाक्य म्हणायचं, ठामपणे, आणि ठेवून द्यायचा." पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून टपरीत लावलं: आम्हाला नको. या नंबरवर पुन्हा फोन करू नका. केलात तर तक्रार करीन. शाळेत एक कविता पाठ झाली नाही माझी, पण हे झालं! ही म्हणाली, "अहो, आधी कोण आहे ते तरी ऐकून घेत जा." मी म्हटलं, "अगं, पहिल्या शब्दात ओळखतो मी." काय तो माझा तोरा!

तर त्या दिवशी अकराच्या सुमाराला वरच्या मजल्यावरची बाई ओल्या केसांनी धावत आली. "काका, दार ओढलं गेलं! गॅसवर दूध आहे! आत सासरे झोपलेत, त्यांना ऐकू येत नाही!" मी तार घेतली, पक्कड घेतली, दोन जिने चढलो, छाती भात्यासारखी. दाराच्या फटीतून जळकट वास. बाई एकीकडून दार बडवतेय आणि दुसरीकडून मला विचारतेय, "उघडलं का? उघडलं का?" कुलपाच्या आत तारेला अडकलेलं ते टोक, जरा ढिलं सोडलं की पुन्हा पहिल्यापासून... आणि खिशात वाजला!

उचलला. न उचलून करतो काय? मान वाकडी करून खांद्यात धरला. तिकडून पोरीचा आवाज, "नमस्कार, मी..." माझ्या तोंडून धाडधाड सुटलं, "आम्हाला नको या नंबरवर पुन्हा फोन करू नका केलात तर तक्रार करीन!" ती म्हणतेय, "अहो पण आजोबा..." मी हनुवटीने बंद केला. आणि खट्! दार उघडलं.

पातेलं काळंठिक्कर. धुरात सासरेबुवा खुर्चीत बसलेले, पेपर वाचतायत. मला बघून म्हणाले, "चहा झाला का?"

मी खाली आलो. बसलो. आणि फोन वाजेना. बारा वाजले, एक वाजला. शांत! मी खूश. सलग दोन किल्ल्या केल्या, लोण्यासारख्या चालणाऱ्या. म्हटलं, लेकीचं वाक्य लागू पडलं! तिसरी किल्ली हातात घेतली, कानस टेकवली, आणि हात जागच्या जागी थांबला.

ती पोरगी मला 'सर' म्हणाली नव्हती. 'आजोबा' म्हणाली होती.

तुम्हाला सांगतो, टपरी उघडी टाकून धावलो. किल्ल्या करणारा माणूस, आणि कुलूपसुद्धा लावलं नाही! त्या नंबरवर उलटा फोन लावला तर, 'मराठीसाठी एक दाबा, तपासणीसाठी दोन दाबा...' सगळं दाबलं! हिला घरातून जशी होती तशी उठवली, रिक्षात घातली. ही विचारते, "अहो, फोन आला का?" मी म्हटलं, "आला होता." पुढचं टाळून रिक्षावाल्यावरच ओरडलो, "जरा जोरात घे की!"

दवाखान्याच्या खिडकीतल्या कारकुनाने कॉम्प्युटरमध्ये बघून वाचून दाखवलं, चांगलं मोठ्याने. "अकरा दहा. नातेवाइकांचा नकार. पुन्हा फोन करू नये." हिने माझं कोपर धरलं होतं. ते सोडलं.

तेवढ्यात त्या नर्सबाई बाहेर आल्या, फोन कानाला. "आजोबा? तुम्ही तर नको म्हणालात! दोन डोळे आलेत. एक पुढच्या बाईंना गेला. दुसऱ्यासाठी त्यांच्या पुढच्या गृहस्थांना मघापासून लावतेय, उचलतच नाहीत."

"मग...?"

"थांबा. वाजतोय."

वाजतोय! इतकी वर्षं फोन वाजला की माझं डोकं फिरायचं, आणि आता तिघंही श्वास धरून दुसऱ्याच्या फोनचं वाजणं ऐकतोय. मला तो गृहस्थ समोर दिसत होता. अनोळखी नंबर बघून म्हणत असणार, असेल कुणीतरी प्लॉटवाला. त्याच्याही डोळ्याची काच गढूळच हो. उचल बाबा म्हणालो, की नको उचलू म्हणालो... ते तुम्हाला सांगणार नाही.

तीनदा पूर्ण वाजला. नर्सबाईंनी फोन खाली ठेवला, घड्याळ बघितलं. "आजींना आत घ्या."

झालं ऑपरेशन. दिसायला लागलंय. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "दाढी नीट करत जा, कानाखाली राहते." त्या गृहस्थाचा नंबर अजून लागायचाय, मी दर वेळी विचारतो.

दर वेळी जाऊनच विचारावं लागतं. तपासणीची तारीख फोनवर कळवू म्हणाले होते, पंधरा दिवस वाट बघितली, गेलो. तर कारकून म्हणतो, "तुमच्या नावापुढे लिहिलंय ना, पुन्हा फोन करू नये." म्हटलं, खोडा की! "ते आमच्याकडून खोडता येत नाही आजोबा, वर अर्ज करावा लागेल." बघा! अख्ख्या दुनियेत माझं ऐकणारं एकच ऑफिस निघालं, आणि ते हे!

बाकीचे आहेतच, रोज अकरा-बारा. पण आता पुठ्ठा काढून टाकलाय. उचलतो, शेवटपर्यंत ऐकतो, मध्ये बोलत नाही, न जाणो कुणाचा असेल. ते 'हो ना सर?' म्हणतात, मी हो म्हणतो. असं हो हो म्हणता म्हणता येत्या रविवारी प्लॉट बघायला जायचं ठरलंय. हिला म्हटलं, चल, नाहीतरी नवा डोळा आहे, काहीतरी बघायला हवंच.