मागचं सुटलं तर?

...म्हणजे घरगाडी विकणारा माणूस तुम्हाला सगळं दाखवतो बघा, पलंग दाखवतो, शेगडी दाखवतो, संडासाची टाकी कशी रिकामी करायची ते तर इतक्या प्रेमानं दाखवतो की आपल्यालाच लाज वाटावी, पण एक गोष्ट काही तो सांगत नाही, की बाबा रे, एवढं मोठं घर चाकांवर घेऊन निघालास खरा, पण एकदा मुक्कामाला लावलंस, पाण्याची नळी जोडलीस, विजेची तार जोडलीस, की मग दूध आणायला जाणार कशावर? हे मला आर्डिथनं विचारलं. आर्डिथ म्हणजे माझी बायको. घरगाडी दारात येऊन उभी, मी हातात चावी घेऊन हसतोय, फोटो काढ म्हणतोय, आणि ही म्हणते, "व्हर्लिन, दुधाची एक बाटली आणायला अख्खं घर घेऊन जाऊ का मी? पलंगासकट?"

तुम्हाला सांगतो, जन्मभर मी कर्नीत, आमच्या नेब्रास्कात, लोकांचे केस कापले. खुर्चीत बसलेला माणूस काहीही विचारो, माझ्यापाशी उत्तर तयार. इथे मात्र मी हातातली चावीच खिशात टाकली. वर ही म्हणते, "माझी गाडी बरोबर येणार असेल तर मी येते. नाहीतर हिवाळ्यात तू जा तुझ्या त्या उबदार ॲरिझोनाला, मी जाते लिंकनला बहिणीकडे." शांतपणे म्हणाली हो. आदळआपट केली असती तर मी घाबरलो नसतो. आता एकटा जाऊन मी काय करणार ॲरिझोनात? निवडुंगाचे केस कापू? दुकान विकलं ते कशासाठी? हिच्याबरोबर चार ठिकाणं बघावीत म्हणून. मला ती बरोबर हवी होती, सरळ सांगतो, त्यात लाजायचं काय.

तर मग ठरलं, तिची ती छोटी पांढरी गाडी घरगाडीच्या मागे बांधायची आणि ओढत न्यायची. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण नदीकाठच्या तळावर गेलो, जिथे सगळे घरगाडीवाले खुर्च्या टाकून बसलेले असतात, आणि नुसतं तोंडातून काढलं की गाडी कशी ओढावी हो... अहो, पोळ्यात हात घातला असता तर परवडला असता.

कारण तऱ्हा तीन. एक, गाडीची चारही चाकं रस्त्यावर ठेवायची आणि पुढून नुसता दांडा जोडायचा. दुसरी, पुढची दोन चाकं दोन चाकांच्या एका छोट्या गाड्यावर चढवायची, त्याला डॉली म्हणतात, मागची दोन रस्त्यावर. तिसरी, अख्खी गाडीच ट्रेलरवर चढवायची. आणि तीन तऱ्हांचे तीन भक्त, एकमेकांच्या पंगतीला बसायचे नाहीत असे.

गेलन व्हॉस, चार चाकांवाला. तो बोलतो तेव्हा झोपेतून उठल्यासारखा बोलतो. "अरे व्हर्लिन... दांडा लाव... पिना घाल... निघ. त्यात काय आहे?" मी विचारलं, आणि मागचं सुटलं तर? "साखळ्या असतात की." आणि साखळ्या तुटल्या तर? गेलननं टोपी डोळ्यांवर ओढली आणि परत झोपला.

नॉर्बर्ट कुचेरा, डॉलीवाला. हा नेहमी कानात बोलतो, जसं काही शेरीफ ऐकतोय. "गेलनचं ऐकू नकोस. चारही चाकं रस्त्यावर म्हणजे गाडीचा गिअर जळतो. काही गाड्यांना चालतं, काहींना नाही. माझ्या चुलत भावाचा धूर निघाला धूर." आता आर्डिथची गाडी हातानं गिअर टाकायची, जुन्या पद्धतीची, तिला चालतं असं गाडीच्या पुस्तकातच छापलेलं होतं, पण धूर म्हटल्यावर पुस्तक कोण बघतो? मी म्हटलं बरं, डॉलीवरून सुटलं तर? नॉर्बर्ट इकडेतिकडे बघून म्हणाला, "पट्टे आवळायचे. थोडं गेल्यावर उतरून परत आवळायचे. मी तर कॅन्सस असंच ओलांडतो." म्हणजे हा माणूस कॅन्सस गाडीतून बघतच नाही, उतरूनच बघतो.

आणि मेल्विन, माझा मेव्हणा, ट्रेलरवाला. छाती पुढे काढून बोलतो. "व्हर्लिन, स्वस्तात गेलास की रडलास. चारही चाकं वर. राजासारखी बसते गाडी." मी म्हटलं, आणि ट्रेलरच सुटला तर? त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्याच्या आईला काही बोललो.

तीन महिने गेले तुम्हाला सांगतो. घरगाडी दारात, तिच्या सावलीत शेजाऱ्याचं मांजर व्यालं. मी रात्रंदिवस एकच... मागचं सुटलं तर? उतारावर सुटलं तर? मला मागे टाकून पुढे निघून गेलं तर? केस कापून घ्यायला जुनी गिऱ्हाइकं घरी यायची, त्यांना विचारायचो, एकाच्या कानामागचा अख्खा पट्टा साफ झाला. थंडी पडायला लागली. लिंकनहून बहिणीचा फोन आला, खोली झाडून ठेवलीय म्हणून.

मग आर्डिथ उठली. तळावर गेली, तिघांच्या बायकांना कॉफीला बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला. म्हणाली, "पावसात खाली कोण वाकतं?"

बघा, आम्ही पुरुष तीन महिने वजन, ब्रेक, वेग यावर घसा कोरडा करतोय, आणि हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मेल्विनची बायको म्हणाली, "बाई गं, मुक्कामाला पोचलं की तो रिकामा ट्रेलर ठेवायचा कुठे यावरून आमचं रोज भांडण." नॉर्बर्टची म्हणाली, "तो पट्टे आवळतो आणि चिखलात टॉर्च धरून मी उभी असते." गेलनची बायको जांभई देत म्हणाली, "गेलन? तो उभ्या उभ्या जोडतो. माझी कॉफी गरम असते तोवर परत येतो." झालं. आर्डिथ घरी आली आणि म्हणाली, "चार चाकं रस्त्यावर. दांडा मागव." असा तीन महिन्यांचा खटला एका कॉफीत निकालात निघाला.

दांडा बसवला, साखळ्या बसवल्या, दिव्यांची तार जोडली, गिअर मोकळा, हातब्रेक खाली. आणि माझ्या जिवाच्या शांतीसाठी मी मागे कॅमेरा लावून घेतला, कशासाठी? तर समोर बसून पडद्यावर बघता यावं की गाडी मागे आहे. लक्षात ठेवा हं, कशासाठी लावला ते.

निघालो. कॅन्सस म्हणजे सरळ रस्ता, धान्याची कोठारं आणि परत सरळ रस्ता. मी दर वळणाला, म्हणजे वळणं नव्हतीच, दर खांबाला विचारतोय, "आर्डिथ, आहे का मागे?" ती विणता विणता पडद्याकडे न बघताच, "आहे." जरा वेळानं, आहे का? "आहे, व्हर्लिन, आहे." मग थांबून जेवलो, हॅमचे सँडविच, बटाट्याची कोशिंबीर, वर गोड म्हणून ॲपल पाय. आर्डिथ बाजूच्या सीटवर झोपली. ऊन छान पडलेलं, वारा नाही, घरगाडी लोण्यावरून चालल्यासारखी. आणि माझ्या डोक्यातली ती तीन महिन्यांची काळजी गेली. इतकी साफ गेली हो, की तिच्याबरोबर ती गाडीही डोक्यातून गेली.

सहज पडद्याकडे बघितलं, तर एक गाडी. मागे. अगदी चिकटून.

मी म्हटलं घाईत असेल, जाऊ दे पुढे. वेग कमी केला. त्यानंही कमी केला. काच खाली करून हात हलवला, जा बाबा, जा. जात नाही. वेग वाढवला, घरगाडीतल्या सगळ्या ताटल्या वाजल्या, त्यानंही वाढवला, तेवढंच अंतर, एक वीत कमी नाही की जास्त नाही. मी बाजूची पट्टी पकडली, त्यानंही पकडली. आता माझं डोकं फिरलं. आम्हा नेब्रास्काच्या माणसांना लोक गरीब समजतात, पण आम्हालाही एक मर्यादा आहे. मी आर्डिथला हलवलं. "ऊठ, हा बघ, मघापासून पाठ सोडत नाही. कोण असेल?"

आर्डिथनं डोळे चोळले. पडद्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत पडद्याकडे. मग म्हणाली, "फारच निर्लज्ज दिसतो. थांब आणि झाप त्याला."

थांबलो. रस्त्याकडेला सावलीत बाकं होती, तिथे एक जोडपं कलिंगड खात बसलेलं. मी बाह्या सरसावून उतरलो, त्यांच्यासमोरून ताडताड मागे गेलो, बोट उगारलं, "काय हो, तुम्हाला गाडी चालवायला कोणी..."

आत कोणीच नाही.

पांढरी गाडी. आर्डिथची. कलिंगड खाणारे खायचे थांबले. मी बोट खाली घेतलं. हळूच बॉनेटवर हात ठेवला, गार. पिना जागेवर, साखळ्या जागेवर, दांडा जागेवर. तीन महिने मी या धास्तीनं मेलो की ही सुटेल, आणि अर्धा कॅन्सस मी तिला हात करकरून सांगतोय, जा गं बाई, सुट एकदाची... आणि ती सुटली नाही. हसू येतंय की रडू ते कळेना, मी तिथेच त्या दांड्यावर बसलो. इतकं हलकं मला दुकान विकलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

आर्डिथ उतरून आली. "मिळाला का?" मी बोटानं तिचीच गाडी दाखवली. मग ती माझ्या शेजारी त्या दांड्यावर बसली आणि म्हणाली, "व्हर्लिन, मी तशीही आलेच असते रे. गाडीशिवाय."

मी म्हटलं, "मग तीन महिने आधी सांगायचंस ना."

"आधी सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर दूध कशावर आणलं असतं?"

बोला आता. आणि ही गोष्ट तिनं ॲरिझोनात पोचायच्या आत वाटेतल्या सगळ्या तळांवर सांगून टाकली. आता कुठेही जा, घरगाडी लावायच्या आधीच कोणीतरी खुर्चीतून ओरडतो, "काय व्हर्लिन, तो मागचा गेला का पुढे?" मी म्हणतो नाही हो, अजून मागेच आहे. चिकटलाय. आणि तुम्हाला सांगतो... असू दे.