साळूच्या चित्राची तीट

...आन् वरून म्हणतात, चित्राला मोठ्या माणसाचा हात लागता कामा नये! अहो, पहिलीची पोरं ती, शेंबूड पुसायलासुद्धा माझाच हात लागतो... पण नाय! आमचे तपासणीचे साहेब म्हणले, "गुरुजी, विषय आहे ‘मी कोण?’ मुलांनी स्वतःला शोधायचं, चित्रातून! शहरात औरंगपुऱ्यात प्रदर्शन आहे, शाळेचं एक चित्र लागणार." तुम्हाला सांगतो, माझी पन्नाशी आली, मला अजून पत्ता नाय मी कोण, आन् ते सहा वर्षांच्या पोरानं सांगायचं!

बरं, आमची शेंद्र्याजवळची वस्तीवरची शाळा, आमचं चित्र आजवर कुठंच लागलेलं नाय. म्हणलं, यंदा लावायचंच! दिले कागद. "काढा, मी कोण?" तर शफीकनं कागदभर बकरी काढली. "अरे, तू कुठंयस?" "मी मागं हाय गुर्जी, बकरी आडवी आली." बन्सीनं त्याच्या आबाला दोन डोकी काढली! "वरचं मी. खांद्यावर बसलोय." आता ह्याच्यात मी कोण ते तुम्हीच शोधा!

शेवटी पुंजाराम न्हाव्याचा मोठा आरसा उचलून आणला, एकेकाला समोर बसवलं, म्हणलं, दिसतंय तेच काढ. आन् तुम्हाला खोटं वाटंल, काय चित्रं काढली राव पोरांनी! मुनिराचा पडका दात, बन्सीचे फाकलेले कान... आन् साळूनं तर असे डोळे काढले, की नुसते डोळे बघून कुणीबी म्हणावं, ही साळू! दोरी बांधून व्हरांड्यात टांगली सगळी, आन् इथंच चुकलो... आयांना बघायला बोलावलं.

पहिली आली मुनिराची दादी, कमरुन्निसा. "हाय अल्ला, कित्ती प्यारी दिसरी! मास्तर, ऐसा खुल्ला टांग दिये? नजर लगती ना!" मी हां हां म्हणेस्तोवर कमरेची काजळाची डबी काढली, नि चित्रातल्या मुनिराच्या गालावर दिली की तीट लावून! लगेच बन्सीची आई, सारजाबाई, "आन् माझ्या लेकरानं काय घोडं मारलंय? इकडं द्या डबी!" बघता बघता सगळ्यांच्या गालांवर काळं! मी ओरडलो, "अहो बायांनो, हात लावू नका, बाद होईल!" तोवर एकच राहिलेलं, साळूचं. म्हणलं, चला, एक तरी वाचलं.

तर साळूनं पसरलं भोकाड! "सगळ्यांना लावली, मलाच नाय... माझी आई कंपनीत गेलीय... मला नजर लागंल!" म्हणलं, बाळा, नजरबिजर काय नसतं... ऐकती काय! दादीनं डबी माझ्यापुढं धरली. "माँ नै तो मास्तर. लगाव." "अहो दादी, प्रदर्शन..." "बच्ची रोरी, और तुमकू परदर्शन की पडी?" आता मी कोण? मास्तर! मास्तरनं काय करावं? साळूच्या तोंडाकडं बघितलं... बुडवलं बोट, लावली तीट. हसली हो लगेच!

दुसऱ्या दिवशी चित्र निवडायला साहेब हजर. "गुरुजी, हे काय? सगळ्यांना मोठ्यांचा हात? बाद... बाद... हेही बाद..." आन् साळूच्या चित्रापाशी थबकले. लई वेळ बघत राहिले. दोरीवरून काढून हातात घेतलं. "वा! काय डोळे आहेत! हे नक्की लागलं असतं हो... पण ह्याच्यावरही? हे कुणी केलं?" म्हणलं, "मी." साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं... की मी कोण ते मला पहिल्यांदा नीट कळलं! चित्र परत दोरीला अडकवलं नि निघून गेले.

मी आपला तोंड पाडून पायरीवर बसलो. यंदाही औरंगपुरा हुकला! तर साळू आली नाचत, माझा हात धरून म्हणती, "गुर्जी, बघितलं का? सायेब माझं चित्र घेऊन चालले होते! तीट होती म्हणून वाचलं!"

म्हणलं, "व्हय गं बाई... वाचलं."