विमान येताना बोला

हॅलो?

…हो, ऐकू येतंय. अहो, फोन नसता तरी ऐकू आलं असतं. गाडी काय परगावी लावलीय का? माझ्या पाठीमागे हाकेच्या अंतरावर तर बसलाय.

…नाही, मी नाही धरलेला. माझ्या दोन्ही हातांत रिमोट आहे. फोन आईंनी धरलाय, स्पीकरवर. …तुमच्या आईंनी. माझी आई कशाला येईल असल्या उद्योगाला, तिला डोकं आहे. …आई, तुम्हाला नाही बोलले. म्हणजे तुम्हालाही आहे. फोन जरा वर धरा.

…हां, सांगा. भरभर सांगा. वारा वाढायच्या आत उडवायचंय.

…सीट बेल्ट? अहो, मी उभी आहे. मैदानात. उभ्या बाईला कसला सीट बेल्ट?

…आरसा नाही. …हॉर्न नाही. …इंडिकेटर कुठून आणू? थर्माकोलचं विमान आहे ते, उशीपेक्षा हलकं! तुमच्या ड्रायव्हिंग क्लासचा पाठ इथे नका म्हणू. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी तो, ऑफिसातल्या टेबलामागे बसून. झोपेतही म्हणून दाखवेन.

…हे विचारा की! हे कामाचं. हो, आधी रिमोट चालू केला, मग विमानाची बॅटरी जोडली. …उलट केलं तर काय होतं ते मला नका सांगू. तुम्ही केलं होतंत ना उलट, आपल्या हॉलमध्ये? सोफ्यावरून उठलं आणि थेट टीव्हीत घुसलं. …टीव्ही जुना होता हे काय कारण झालं?

…पंखांवरच्या पट्ट्या हलवून बघितल्या. रिमोटची स्टिक उजवीकडे लोटली की उजव्या पंखाची पट्टी वर. बरोबर आहे. …शेपटीही हलते. …बोटं पंख्यापासून लांब आहेत. …समोर माणूस नाही. एक कुत्रं आहे, भिंतीशी झोपलंय. …वारा समोरून. गवत उपटून सोडलं हवेत, ते आईंच्या तोंडावर आलं. …नाही, चिडल्या नाहीत. थुंकतायत.

…आता मला एक विचारू द्या. तुम्ही मैदानाकडे पाठ करून का बसलाय?

…काय? …गाडी नेहमी तोंड बाहेर करून लावायची, निघताना सोपं पडतं. …अहो, पण निघायचंय कुठे? विमान शिकवायला आलाय ना मला? दिसणार कसं ते?

…आरशात.

…बाजूच्या आरशात बघून विमान शिकवणार. बरं. बाहेर येऊन शेजारी उभं राहायला काय होतं?

…आई, ऐकलंत? पायाखाली ब्रेक असल्याशिवाय त्यांना शिकवता येत नाही. …नाही, मी काही बोलत नाही. मुलगा तुमचा आहे.

…आणि तसंही येणार कसे? तुमच्या, मास्तरांच्या बाजूच्या दाराचं आतलं हँडल तुम्हीच काढून टाकलंत. काचेचंही. शिकवताना घाबरून उडी मारली जाते म्हणून! …एकदा कुठे? तो बँकेतला कॅशियर शिकत होता, तेव्हा दोनदा मारलीत. …दुसऱ्या बाजूने निघायचं तर पोट गिअरला अडकतं. मंत्र्याला उतरवावं तसं विद्यार्थी बाहेरून दार उघडून उतरवतात तुम्हाला.

…थांबा. उडवायच्या आधी ठरलेलं परत बोला. …विसरलात? काल जेवताना बोललात की. "हे विमान धड खाली आणून दाखव, बायकांची बॅच तुला शिकवायला देतो." …गमतीत? मी नाही हसले. आईही नाही हसल्या, विचारा त्यांना, इथेच आहेत.

…लायसन्स आहे माझ्याकडे. हात साफ आहे. वेळा मी लावते, पावत्या मी फाडते. तुमचं ओरडणं ऐकून ज्या बायका रडत येतात, त्यांना पाणी मीच देते. आणि दुसऱ्या दिवशी "आता नाही यायचं" म्हणून त्यांचा फोन येतो, तो घेणारीही मीच. …मी घाबरट? दारातून उड्या कोण मारतं?

…ठीक आहे. म्हणजे ठरलं. आई, फेका.

…तुम्ही नाही हो, आई फेकणार. माझे हात गुंतलेत. …खांदा चांगला आहे त्यांचा, तुमच्यापेक्षा. …आई, सरळ समोर, वाऱ्याच्या तोंडावर. आभाळात नाही. आणि विमान फेकायचं बरं का, फोन नाही. …हां… आता!

…गेलं! अहो, गेलं! …आई, काय फेकलंत! बादलीतलं पाणी भिरकावावं तसं!

…वर नेतेय. हो, झाडांच्याही वर. चूक झाली तर सावरायला खाली जागा हवी, माहितीय मला. …डावीकडे? …वळवलं डावीकडे. …दुसरं डावीकडे म्हणजे काय? डावं एकच असतं माणसाला! …ओरडू नका. ओरडू…

…आई गं!

…काही नाही. कोसळत होतं, सावरलं. …आई, डोळे उघडा. तुम्ही मैदानात कोण येतंय ते बघायचंय. मला विमानावरून नजर काढता येणार नाही.

…अहो, आई म्हणतायत, तुमच्या गाडीचे मागचे लाल दिवे पेटतायत. …ब्रेक दाबताय? …गाडीचा ब्रेक दाबून विमान कसं थांबेल? आणि थांबवायचं नसतंच ते हवेत. थांबलं की पडतं. …सवय गेली खड्ड्यात. मांडी घालून बसा.

…आता परत डावीकडे? मघाशी म्हणालात तेव्हा चुकलं, आता वळवलं तर बरोबर आलं. …गप्प बसा जरा. विचार करू द्या.

…

…कळलं. ऐका. विमान माझ्याकडे तोंड करून येतं, तेव्हा त्याचं डावं माझ्या उजव्या हाताला पडतं. समोरासमोर उभी असलेली माणसं असतात तसं. …तेच सांगतेय, ऐका ना. आणि तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसलाय. म्हणजे तुमचंही डावं माझ्या उजवीकडे. म्हणून ते येत असताना तुम्ही बरोबर असता. आणि जाताना सपशेल चूक.

…अपमान नाही केला. अर्धा वेळ बरोबर म्हटलं. इतकं तर मी कधीच म्हटलं नव्हतं.

…तेव्हा विमान येताना बोला, जाताना गप्प. जमेल? …आता जातंय. …जातंय म्हटलं ना!

…बघा. कसं सरळ चाललंय.

…नाही, बोलत नाहीये, बघतेय. …अहो, बोट जरासं हललं की वळतंय हे. घरात एवढं माझं कोणी ऐकत नाही. …तुम्हाला नाही म्हटलं, आई. म्हणजे तुम्हालाही म्हटलं.

…आता येतंय. बोला. …उजवीकडे, बरं. …हां, आलं. एक पंख खाली पडतोय, मग त्याच बाजूला स्टिक. …उचलला. …शिकवलं कोणी म्हणजे? उशीला पंख लावले कागदाचे आणि ती धरून घरभर फिरले आठवडाभर. तुम्हाला वाटलं मला वेड लागलंय. आईंनाही वाटलं. पण त्या निदान दारं उघडून देत होत्या.

…लांब नाहीये! …लांब कसं, डोक्यावर आहे माझ्या! …अहो, त्या आरशावर काय छापलंय ते वाचा. …वाचा मोठ्यानं. …हं. "दिसतं त्यापेक्षा जवळ." विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेता ना रोज?

…गजर वाजला. बॅटरी संपायला आलीय, उतरवायचं आता. …नाही, अजून एक फेरी नाही. वर असताना संपली तर संपलंच. …येतेय वळून.

…नाही उतरवता येत!

…मधोमध एक गृहस्थ आडवे झालेत. …आत्ताच आले, धावत होते. आता पाठीवर पडून पाय वर करून हवेत सायकल मारतायत. …मारली हाक. आईंनीही मारली. कानांत गाणी आहेत त्यांच्या. …माणसावरून नाही न्यायचं मला. उशीएवढं हलकं असलं म्हणून काय झालं, पंखा डोळ्याला लागला म्हणजे? …आई, तुम्ही पळू नका, गुडघा आहे ना तुमचा.

…अहो, हॉर्न! हॉर्न वाजवा! हात पोचतो ना तुमचा?

…विनाकारण हॉर्न वाजवू नये. …काय माणूस आहे! अहो, कारण आहे! कारण पाय वर करून पडलंय समोर! …इथे कुठलं आलं हॉस्पिटल? …शाळाही नाही! वाजवा!

…वाजला. …उठले, उठले ते. …पुरे. …पुरे म्हटलं ना. बंद करा. …कुत्रंही उठलं. बंद करा हो! …काय अडकलं? …पोट? स्टिअरिंगवर? …मग मागे व्हा! श्वास सोडा आणि मागे व्हा!

…हुश्श. …गेले ते. गाडीला शिव्या देत गेले. कुत्रंही त्यांच्यामागे गेलं.

…आवाज बदललाय विमानाचा. जीव जायला आलाय त्याच्या मोटरचा. आता उतरवायलाच हवं.

…झुडपात? झुडपात का पाडू? …मऊ पडेल. बरं. …आणि तुम्ही ते उतरलं म्हणून धराल. …नाही. …नाही म्हणतेय ना. ठरलंय धड उतरवायचं. तुमच्या दयेची बॅच नकोय मला. उद्या एखादी बाई गाडी भिंतीला घासेल आणि तुम्ही म्हणाल, मास्तरीणबाईंनाच झुडूप लागलं होतं.

…रागावले नाही. रागवायला वेळ कुठाय? …मोटर बंद करतेय. मीच करतेय, आपोआप नाही. आता नुसतं तरंगत आणायचं.

…येतंय. माझ्याकडे येतंय. म्हणजे तुमची पाळी आहे, बोला. …बोला ना!

…आई म्हणतायत दिवे पेटलेलेच आहेत. …अहो, पाय काढा. …मला त्रास नाही, पण आई मैदान सोडून तुमच्या दिव्यांकडेच बघतायत. …काढा. …एकदा तरी काढा, बघू तर काय होतं.

…

…हं. …किंचित उजवं. …हो, तुमचं उजवं. आता तुमचं नि त्याचं एकच आहे. …पंख सपाट. …सपाट. …बोलू नका आता. …थोडं नाक वर… थोडं…

…

…

…नाही. रडत नाहीये.

…टेकलं. गवतात घसरत गेलं आणि थांबलं. …दोन्ही पंख आहेत. शेपटी आहे. पंखाही आहे. …आई, तुम्ही थांबा, आधी रिमोटवरची मोटरची कळ खाली आहे का बघू द्या. …आहे. आता बॅटरी काढते. …काढली. घ्या, आता धरा. …अहो, आई उंच धरून दाखवतायत तुम्हाला, बघा आरशात. …आणि आरशात दिसतं त्याहून मोठंच आहे ते, लक्षात ठेवा.

…काय चुकलं?

…वळताना हात दाखवला नाही.

…विमानातून. हात. …दोन मार्क कापणार. कापा. शंभरातले दोन कापा, अठ्ठ्याण्णव मला द्या. …"बघू" नाही. …"पुढच्या महिन्यात" पण नाही. आईंना सांगा काय ते. …त्या म्हणतायत, पुढच्या महिन्यात जेवायला ये.

…थांबा. थांबा जरा, दुसरा फोन येतोय मध्येच. आई, दाखवा. …नंबर ओळखीचा नाही, म्हणजे क्लासचाच. यावेळी बायकाच करतात, पोरं शाळेत पोचवून आल्या की. …घेते ना, पण त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. फी नाही विचारत, वेळ नाही विचारत. "शिकवायला बाई आहे का हो?" …तुम्हाला कसं माहीत असेल? फोन मी घेते. मी म्हणते, नाही, सरच आहेत. मग त्या म्हणतात, बरं, घरी विचारून सांगते. संपलं. परत कोणी करत नाही.

…आज काय सांगू?

…लवकर बोला, वाजतोय. …माझ्या मनात काय ते सोडा. मालक तुम्ही आहात. …आईंना नका विचारू, त्यांच्या हातात विमान आहे. …काय? …पुटपुटू नका. विद्यार्थ्यांवर ओरडता तेवढ्या आवाजात सांगा.

…पूर्ण वाक्य.

…हं.

बरं, आता ठेवा. माझी विद्यार्थिनी खोळंबलीय.