हजार मीटरच्या खाली

मार्चअखेरचं ऊन लागून दुपारी डोंगरावरच्या बर्फाची लापशी झाली, तशी खाली जाणाऱ्या रोपवेसाठी रांग लागली. वाल्बुर्गाच्या पुढ्यात सुट्टीवर आलेलं एक जोडपं उभं होतं. तिला ऐकायचं नव्हतं, पण त्या दोघांना हळू बोलायची अक्कल नव्हती.

"सुट्टी किती मजेत चाललीय, रोस्विता. आता तोंड का पाडलंयस?"

"ती वरची खानावळवाली. 'अरे, तू काय घेणार?' म्हणे."

"अगं, रिवाजच आहे तो. हजार मीटरच्या वर सगळेच एकमेकांना अरेतुरे करतात."

"मला शिकवू नकोस, फ्लोरिअन. मीही याच तिरोलच्या डोंगरातली आहे. वरचं मी धरतच नाही."

"मग?"

"सकाळी खाली गावात, पावाच्या दुकानात ती भेटली. दुकानदाराला तू अहोजाहो केलंस. आणि तिला म्हणालास, 'आज लवकर उठलीस?'"

"गेलं तोंडातून, सवयीनं."

"कसली सवय? या गावात पहिल्यांदाच येतोय म्हणालास ना? मग ती रोज कधी उठते, ते तुला कुणी सांगितलं?"

फ्लोरिअननं हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. तेवढ्यात पाळणा आला, दार उघडलं.

"चल, बस ना. लोक बघतायत."

"तुम्ही व्हा पुढे," रोस्विता त्याला म्हणाली, आणि वाल्बुर्गाच्या मागे जाऊन उभी राहिली.